मी लोवेल किंझरला काय सांगितले

मी, हार्लन वेंडेल गॅट्रेल, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वीचा व्यवसाय उन्हाळ्यात बेसबॉलचा कॅचर आणि हिवाळ्यात कपबशांच्या कारखान्यातला भट्टीवाला, राहणार १८, पाइक स्ट्रीट, मार्लो फेरी, राज्य ओहायो, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, स्मरणशक्ती हवी त्याहून जास्त शाबूत आहे, आणि हा कागद लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट दोन माणसांनी मला लिहू नका म्हणून सांगितले. एक माझी मुलगी आयलीन, आणि दुसऱ्या माझ्या वकील मिस जोन लिव्हेंगुड, ज्या म्हणाल्या, "मिस्टर गॅट्रेल, हे मृत्युपत्र आहे. आठवणी नाहीत." मी म्हणालो, "बाई, माझ्याकडे देण्यासारखं दुसरं फारसं नाही."

येत्या गुरुवारी, १२ ऑक्टोबरला, माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. दहांतले सात जण उठून घरी जातात असे डॉक्टर म्हणतात. दहांत तीन वेळा चेंडू नीट मारणाऱ्याला आमच्या खेळात लोक डोक्यावर घेतात, त्यामुळे सात हा आकडा मला वाईट वाटत नाही. तरी बुधवारपर्यंत सही झालेली बरी. १९६१ साली केलेले माझे मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. त्यात खोटे काही नव्हते, पण खरेही पुरेसे नव्हते.

कलम १. पाइक स्ट्रीटवरचे घर, आतल्या सामानासह, मी माझी एकुलती एक मुलगी आयलीन हिला देतो. बँकेतले जे काही उरेल तेही तिचेच. पुढच्या ओसरीची तिसरी पायरी हलते, तिच्यावर भार टाकू नये. माझी पत्नी व्हर्ना चार वर्षांपूर्वी गेली, पण तिच्या पाककृतींची पेटी चुलीच्या वरच्या फळीवर आहे तशी आहे. आयलीनने ती उघडावी. सफरचंदाच्या केकच्या कार्डामागे माझ्या जुन्या संघातल्या डेल स्काइल्सच्या आईचा पत्ता लिहिलेला सापडेल. व्हर्नाने त्या बाईला दर नाताळात केक पाठवला. कशासाठी, ते तिने मला कधी सांगितले नाही आणि मी विचारलेही नाही.

कलम २. सुतारकामाची माझी सगळी हत्यारे, रंधे, पटाशा आणि जर्मन करवतीसह, स्टॅनली म्रोझ याला द्यावीत. आम्ही एकोणीस वर्षे एकाच भट्टीवर होतो. १९५२ मध्ये त्याने माझी जाड करवत नेली आणि ती बोथट करून परत दिली, हे मी विसरलेलो नाही. तरी त्यालाच द्यावीत, कारण बाकीचे सगळे ती नुसती भिंतीवर टांगतील.

कलम ३. माझ्या पत्नीचा भाऊ क्लीटस होय याला मी पुढच्या खोलीतली माझी हिरवी आरामखुर्ची देतो. दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला तो जेवण झाल्यावर मला न विचारता तिच्यात बसतो, मांडीवर पम्पकिन पायची बशी घेतो आणि १९३६ च्या सामन्याची गोष्ट सांगतो. "मी सांगतो, स्काइल्सनं नेम धरून मारला. मी त्याचे डोळे पाहिलेत." क्लीटस त्या दिवशी व्हीलिंगला सासुरवाडीच्या सहलीला गेला होता. बेचाळीस वर्षे मी ती गोष्ट ऐकली आणि एकदाही त्याला थांबवले नाही. खुर्ची त्याला एका अटीवर मिळावी. त्याने तिच्यात बसावे, आणि मिस लिव्हेंगुड यांनी त्याला कलम ६ पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवावे.

कलम ४. बेसबॉलचे माझे सामान, म्हणजे तोंडावरची जाळी, छातीचे कवच, चेंडू झेलायचे दोन हातमोजे आणि काचपेटीतला चेंडू, गावच्या वाचनालयाला द्यावे. तिथल्या बाईंनी मागितले म्हणून देतो. आमचा संघ मार्लो फेरी पॉटर्स. ज्या लीगमध्ये आम्ही खेळायचो ती सगळ्यात खालच्या पायरीवरची होती. पण पगारी होती, आणि आम्ही स्वतःला व्यावसायिक म्हणवून घ्यायचो. चेंडू कुंपणापलीकडे मारून होमरन केला की कारखान्यातल्या मुली खेळाडूला नावाची बशी रंगवून द्यायच्या. बारा वर्षांत मला चार बशा मिळाल्या. त्यातल्या तीन माझ्याच हातून फुटल्या.

काचपेटीतला चेंडू १९३१ च्या ऑगस्टमधला आहे. त्या दिवशी आम्ही नेहमीच्या नऊऐवजी बावीस डाव खेळलो. सामना दुपारी दोनला सुरू झाला आणि संपला तेव्हा सूर्य नदीपलीकडच्या टेकडीला टेकला होता. मी बावीसही डाव बॅटरच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलले. आमच्या खेळात चार कोपऱ्यांचे तळ पुरे केले की धाव होते. शेवटी त्यांचा धावणारा तिसऱ्या तळावरून सुटला, मी चौथ्या कोपऱ्याची पाटी अडवून बसलो, तो माझ्या अंगावर आला, आणि दोघे धुळीत गेलो. पंचाने विचारले, "चेंडू कुठाय?" चेंडू माझ्या शर्टात गेला होता. मी तो बाहेर काढून दाखवला. पंच म्हणाला, "बाद." लोक मैदानात धावत आले आणि मला उचलून न्हाव्याच्या दुकानापर्यंत नेले. या गावात माझे नाव त्या दिवशी झाले. पुढे पाच वर्षांनी माझ्या शब्दाला जी किंमत आली ती त्या नावामुळे आली, म्हणून हे लिहितो. वाचनालयाने चेंडूशेजारी लावायच्या फलकावर बावीस डाव लिहावेत. 'प्रामाणिक' असा शब्द कुठेही लिहू नये.

कलम ५. वॉटर स्ट्रीटच्या टोकाची नदीकाठची अर्धा एकर जागा, तिच्यावरची लाकडी खोली आणि होडी, मी डेल एव्हरेट स्काइल्स याला देतो. डेल नदीच्या पलीकडे सँडी बेंडला राहतो. तीस वर्षे त्याने कोळशाच्या तराफ्यांवर काम केले. त्याआधी तो आमच्या संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा होता, आणि माझ्या हातमोज्यात पडलेले सर्वांत चांगले चेंडू त्याच्या हातचे आहेत. ही देणगी का, हे पुढच्या कलमात आहे. ही भरपाई नाही. तशी समजूत त्याने करून घेऊ नये.

कलम ६. हे माझे निवेदन समजावे. वारस, शेजारी आणि गावातले जे कोणी बाकी असतील त्या सगळ्यांसाठी.

सोमवार, ७ सप्टेंबर १९३६, लेबर डे, कामगारांच्या सुट्टीचा दिवस. हंगामाचा शेवटचा सामना. आम्ही आणि कॅरथर्स मिल्सचा संघ बरोबरीवर होतो. जो जिंकेल तो लीगचा विजेता. मी बत्तीस वर्षांचा होतो आणि अकरा वर्षांत एकदाही विजेत्या संघात नव्हतो. पहिल्या तळामागच्या बाकावर गवती टोपी घातलेला एक माणूस बसला होता. मोठ्या लीगच्या संघाने त्याला पाठवले होते, आणि तो कॅरथर्सचा लोवेल किंझर पाहायला आला होता.

लोवेल बावीस वर्षांचा होता. उंच, सैल अंगाचा, बॅट हातात घेतली की हसायचा. आदल्या दिवशी, रविवारी, त्याने डेलचा चेंडू कुंपणापलीकडे मारला होता आणि तळ फिरताना डेलला म्हणाला होता, "आणखी एक असाच टाक ना, आईला दाखवायचाय." रागाच्या भरात डेल संध्याकाळी खाणावळीत सगळ्यांदेखत बोलून गेला, "उद्या त्याच्या कानाखाली चेंडू घालतो." वीस माणसांनी ते ऐकले. मीही ऐकले. डेल असे दर आठवड्याला कोणाबद्दल तरी बोलायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच तंबाखू द्यायचा, हेही मला माहीत होते.

आता माझ्या सवयीबद्दल. कॅचर बॅटरच्या पायाशी बसतो. त्याच्याशी बोलायला मला आवडायचे. बायको कशी आहे, बूट कुठून घेतले, काहीही. त्यातच मी कधीकधी पुढचा चेंडू कोणता येणार ते सांगून टाकायचो, आणि खरे सांगायचो. बॅटरला वाटायचे की हा फसवतोय. दोनदा खरे सांगितले की तिसऱ्यांदा तो विश्वास ठेवतो. तेव्हा खोटे सांगायचे. मला हातमोजाही धड घालता येत नव्हता तेव्हा एका म्हाताऱ्या कॅचरने ही युक्ती शिकवली होती.

दुसऱ्या डावात लोवेल आला. मी म्हणालो, "वळणारा येतोय."

"गप रे म्हाताऱ्या," तो म्हणाला. वळणाराच आला. तो नुसता पाहत राहिला.

पाचव्या डावात मी म्हणालो, "सरळ. मधोमध."

सरळच आला, आणि त्याने तो दोन तळांच्या मधून काढला. जाता जाता मागे वळून हसला. "आज खरं बोलायचं ठरवून आलायस का?"

आठवा डाव. आम्ही तीन, ते दोन. त्यांचे दोन गडी बाद, दोन तळांवर दोन धावणारे, आणि बॅटवर लोवेल. आमच्या लीगमध्ये पंच एकच असायचा, आणि तळांवर माणसे असली की तो पिचरच्या मागे जाऊन उभा राहायचा. म्हणजे पाटीपाशी लोवेल आणि मी, दोघेच. लोक इतके गप्प होते की ध्वजाच्या खांबावर दोरी आपटत होती ती ऐकू येत होती.

मी म्हणालो, "पुन्हा वळणारा. बाहेरच्या कडेनं. घे."

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. पण त्याचा पुढचा पाय पाटीकडे सरकला आणि खांदा खाली आला. बाहेर वळणारा चेंडू गाठायला माणूस जसा वाकतो तसा तो आधीच वाकला होता. कोणता चेंडू टाकायचा ते कॅचर पिचरला बोटांनी सांगतो; मी मांडीआड एक बोट दाखवले. एक म्हणजे सरळ, पूर्ण वेगाचा. आणि मोजा त्याच्या हनुवटीच्या उंचीवर, आतल्या बाजूला धरला. त्याला दचकवून मागे हटवायचे, म्हणजे पुढचे दोन चेंडू बाहेरून टाकून त्याला काढता येईल, असा माझा हिशेब होता.

डेलने मान हलवली. नको.

मी पुन्हा एक बोट दाखवले. त्याने पुन्हा मान हलवली. साठ फुटांवरून त्याला लोवेलचे डोके कुठे आहे ते दिसत होते. मलाही दिसत होते, हात लांब केला असता तर लागले असते इतक्या जवळून. मी मोजा दोनदा मुठीने आपटला. म्हणजे, मी सांगतो तेच टाक.

डेलने तो चेंडू मी मागितला तिथेच टाकला. एक इंचही इकडेतिकडे नाही. लोवेल बाहेरच्या चेंडूसाठी पुढे झाला आणि त्याचे डोके माझ्या मोज्याच्या पुढे आले. तेव्हा डोक्यावर कापडी टोपीशिवाय काही नसायचे. आवाज सुक्या लाकडाचा आला. काही लोकांना वाटले बॅट लागली, आणि ते ओरडायला उभे राहिले.

तो पाठीवर पडला. डाव्या कानातून रक्त आले. मी जाळी फेकून त्याच्यावर वाकलो. त्याचे डोळे उघडे होते आणि तो माझ्याकडे बघत होता. तो म्हणाला, "तू वळणारा म्हणालास." अगदी हळू, तक्रारीच्या सुरात नाही, काहीतरी चुकल्यावर माणूस विचारतो तसे. मग त्याची शुद्ध गेली.

ते वाक्य दुसऱ्या कोणी ऐकले नाही. डेल धावत आला तोवर लोक कुंपण ओलांडून आत शिरले होते. "खुनी," कोणीतरी म्हणाले. डेल लोवेलच्या पायाशी गुडघे टेकून बसला होता आणि माझ्याकडे बघत होता. मी काहीतरी बोलेन याची तो वाट पाहत होता. मी पंचाला पाणी आणायला सांगितले.

लोवेल जगला. डावा कान कायमचा गेला, डाव्या डोळ्याला अंधूक दिसायचे, आणि भरभर चालला की त्याचा तोल जायचा. तो पुन्हा खेळला नाही. टपाल कचेरीत त्याला खिडकीमागची बसून करायची नोकरी मिळाली. आणि तो संपूर्ण दिवस त्याच्या डोक्यातून पुसला गेला. सकाळी खाल्लेल्या अंड्यांपर्यंत त्याला आठवत होते, पुढचे काही नाही.

ऑक्टोबरमध्ये लीगने हॉटेलच्या जेवणघरात चौकशी ठेवली. अध्यक्षांनी मला विचारले, "तुम्ही काय मागितलं होतं?"

मी म्हणालो, "सरळ, आतल्या बाजूला." हे खरे होते.

"डोक्यावर मागितला होता?"

"नाही." हेही खरे होते.

डेल उभा राहिला. "मी दोनदा नको म्हणालो होतो. हार्लन, सांग त्यांना."

अध्यक्ष म्हणाले, "गॅट्रेल, याने मान हलवली होती का?"

खोलीत तीसेक माणसे होती. दाराजवळ व्हर्ना उभी होती. हो म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, की मग तुम्ही हट्ट का धरला. आणि त्याच्या पुढचा, की किंझर पुढे का वाकला. मी म्हणालो, "मला आठवत नाही."

ते त्याहून जास्त काही विचारणार नव्हते. तरी मी पुढे बोललो. "चेंडू कुठे जाणार ते टाकणाऱ्याच्या हातात असतं."

त्या एका वाक्यावर डेलला लीगमधून कायमचे काढले. इतर कुठल्या संघाने त्याला घेतले नाही. तो चोवीस वर्षांचा होता. त्याच्या उजव्या हाताला कोळशाचे फावडे मिळाले.

घरी येताना व्हर्नाने विचारले, "तू लोवेलशी काय बोललास? तू नेहमी बोलतोस."

मी म्हणालो, "काही नाही." तिने पुन्हा विचारले नाही. पुढच्या हंगामात मी पाटीमागे एक शब्द बोललो नाही, आणि तिच्या ते लक्षात आले असणार. हंगाम संपल्यावर मी खेळणे सोडले.

लोवेलला मी दर शनिवारी होडीतून मासे धरायला न्यायचो. चाळीस वर्षे नेले. तो मला त्याचा सर्वांत जवळचा मित्र म्हणायचा. वर्षातून एखाद्या वेळी, गळ पाण्यात सोडून, तो विचारायचा, "हार्लन, त्या दिवशी नक्की काय झालं रे?" मी त्याच्या उजव्या बाजूला बसायचो, ऐकू येणाऱ्या. मी म्हणायचो, "डेलच्या हातून निसटला." तो म्हणायचा, "मग बिचाऱ्याला लोक उगाच बोलतात."

या वर्षी मे महिन्यात लोवेल गेला. त्याची शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांत मी होतो. चर्चच्या पायऱ्यांवर डेल स्काइल्स टोपी हातात घेऊन उभा होता, कोट इस्त्री केलेला. लोवेलची पत्नी नेल त्याच्यासमोर थांबली. ती म्हणाली, "तू आत यायचं नाहीस. बेचाळीस वर्षं त्याला डावीकडून हाक मारता आली नाही मला. आज तरी त्याला सोड."

डेल म्हणाला, "बरं, नेल." तो रस्ता ओलांडून पेट्रोल पंपापाशी जाऊन उभा राहिला. मी त्याच्यापासून चार हातांवर होतो. माझ्या खांद्यावर पेटी होती. मी चालत राहिलो.

हे निवेदन माझ्या मृत्यूनंतर डेल स्काइल्स आणि नेल किंझर यांना मिस लिव्हेंगुड यांनी वाचून दाखवावे, आणि गावच्या वर्तमानपत्राला एक प्रत द्यावी. लीग १९४१ साली बंद पडली, तिला कळवायला कोणी उरलेले नाही.

कलम ७. वरची सहा कलमे मी शनिवार आणि रविवारी लिहिली. हे कलम मंगळवारी लिहितो आहे, कारण सोमवारी मिस लिव्हेंगुड कागद घेऊन गेल्या, वाचले, आणि परत आल्या. त्या माझ्या स्वयंपाकघरात कोट न काढता बसल्या.

"हे त्या दोघांना वाचून दाखवायचं माझ्यावर येणार," त्या म्हणाल्या.

"तुमची फी धरलेली आहे."

"फीचं नाही बोलत मी. मी वाचेन तेव्हा मिसेस किंझर माझ्याकडे बघतील. मिस्टर स्काइल्स माझ्याकडे बघतील. तुम्ही तिथे नसाल." त्यांनी कागद टेबलावर ठेवले. "सोयीचं आहे तुम्हाला."

मला राग आला. त्या माझ्या मुलीपेक्षा लहान आहेत. मी त्यांना दार दाखवले. मग आयलीनला कोलंबसला फोन केला, आणि कलम ६ तिला वाचून दाखवले. तिने पहिल्यांदा आईचेच विचारले.

"आईला माहीत होतं?"

"अंदाज असावा."

"बाबा, लोवेलकाका माझ्या लग्नात माझ्या शेजारी बसले होते. तुम्ही त्यांना तिथे बसवलंत." मग ती म्हणाली, "कशाला उकरून काढता आता? लोक आईबद्दलही बोलतील. गुरुवारी ऑपरेशन आहे. शांतपणे जा ना."

मी म्हणालो, "शांतपणे चर्चमध्ये गेलो होतो मी."

तिने फोन ठेवला. अजून तिचा फोन आलेला नाही. तिला घर देण्याचा माझा विचार बदललेला नाही, हे इथे नोंदवतो.

मंगळवारी सकाळी मी मिस लिव्हेंगुड यांना फोन करून सांगितले की बुधवारी दुपारी सही करतो, आणि त्या वेळी डेल आणि नेल यांना माझ्या घरी बोलवा. काय आहे ते सांगू नका. तेव्हापासून माझे हात थंड आहेत. बावीस डावांच्या दिवशी नव्हते.

कलम ८. बुधवार, ११ ऑक्टोबर. हे कलम मी तोंडी सांगतो आहे आणि मिस लिव्हेंगुड यांच्या टंकलेखिका पर्ल ऑम टेबलाच्या टोकाला बसून उतरवून घेत आहेत.

नेल आधी आली. डेल दारात दिसला तशी ती उठली. "हा इथे असेल तर मी जाते."

मी म्हणालो, "नेल, दहा मिनिटं. मग जा."

ती बसली नाही, खिडकीपाशी उभी राहिली. मिस लिव्हेंगुड वाचायला लागणार होत्या. मी म्हणालो, "द्या इकडे." कलम ६ मी स्वतः वाचले. "तू वळणारा म्हणालास" हे मी कागदात पाहून पुटपुटलो. मी पाणी प्यायलो आणि ते वाक्य पुन्हा वाचले, कारण पहिल्यांदा ते नीट ऐकू गेले नसावे.

वाचून झाल्यावर डेलने कागद मागितला. त्याने चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून सगळे पुन्हा वाचले. त्याचे बोट बोटासारखे राहिलेले नाही. मग म्हणाला, "तू मोजा दोनदा आपटलास."

"हो."

"मला वाटलं, मला दिसत नाही असं काहीतरी तुला दिसलंय. तू जवळ होतास. म्हणून टाकला मी." त्याने चष्मा काढला. "बेचाळीस वर्षं मी तो चेंडू पुन्हा पुन्हा टाकतोय. कुठे चुकला ते शोधतोय."

"चुकला नव्हता."

"ते आत्ता कळलं मला." तो ओरडला असता तर मला सोपे गेले असते. त्याने मिस लिव्हेंगुड यांना विचारले, "वकीलबाई, या कागदाला साक्षीदार लागतात ना? त्यांनी काय करायचं असतं?"

"सही त्यांच्यासमोर झाली आणि सही करणारा शुद्धीत होता, एवढं सांगायचं असतं. पण तुम्हाला साक्षीदार होता येणार नाही. कलम पाचमध्ये नदीकाठची जागा तुमच्या नावे आहे. साक्षीदाराला वाटा घेता येत नाही."

"मग जागा काढा."

मी म्हणालो, "डेल, ती जागा चांगली आहे. दुसरं कोणीही साक्षीदार होईल."

"दुसरं कोणी नको." तो पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बोलला. "त्या हॉटेलात माझ्या बाजूनं बोलायला एक माणूस नव्हता. उद्या तू टेबलावर मेलास, तर तुझा तो मेव्हणा म्हणेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं, मरताना काहीबाही लिहून गेला. तेव्हा मी सांगणार. शुद्धीत होता. मी समोर होतो. मला आठवतं."

मिस लिव्हेंगुड यांनी कलम ५ वर रेघ मारली. मी आणि त्यांनी समासात आद्याक्षरे लिहिली. ती जागा, खोली आणि होडी आता आयलीनची. होडीचा तळ दर वसंतात रंगवावा लागतो.

नेल अजून खिडकीपाशीच होती. आता म्हणाली, "शनिवारी मी डबा करून द्यायची. दोघांचा."

मी म्हणालो, "हो, नेल."

"तुझ्यासाठी मोहरी वेगळी बांधायची."

"हो."

"तो घरी येऊन म्हणायचा, हार्लन आहे म्हणून मी आहे." तिने पर्स उचलली. "मी इथे सही करणार नाही. आणि मला काही म्हणायला सांगू नकोस. माझ्याकडे तुला द्यायला काही नाही."

मी सांगितले नाही. ती डेलसमोर जाऊन उभी राहिली. त्याला वाटले तिला वाट हवी आहे, तो बाजूला झाला. ती हलली नाही.

"मी तुला पायरीवरून परत पाठवलं," ती म्हणाली.

"तुला माहीत नव्हतं."

"गाडी आणलीयेस?"

"ट्रक आहे. चढायला उंच पडेल तुला."

"मग हात दे. तुला त्याच्या कबरीपाशी घेऊन जाते. तू अजून गेला नसशील."

डेल म्हणाला, "कुंपणाबाहेरून."

त्याने आधी साक्षीदार म्हणून सही करायची होती. नेल दारात थांबून राहिली. मी सही केली, मग त्याने केली, संथपणे, पूर्ण नाव. पेन ठेवून तो बाहेर गेला. ओसरीवर मी त्याला म्हणताना ऐकले, "तिसरी पायरी सांभाळ, हलतेय." मग ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो टेकडीच्या रस्त्याला लागला.

पर्ल, एवढंच. पुढचं ठरलेलं लिहा.

वरील मजकूर आठ कलमांचा असून, कलम ५ रेघ मारून रद्द केले आहे. तो मी स्वतः सांगितला, वाचला आणि मला मान्य आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर, त्यांनी माझ्याकडे आणि मी त्यांच्याकडे पाहत असताना, मी सही केली आहे. कलम ८ चा शेवटचा भाग सहीनंतर घडल्यामुळे तो नंतर जोडला असून त्यावर माझी आणि पर्ल ऑम यांची वेगळी सही आहे.

सही : हार्लन वेंडेल गॅट्रेल

साक्षीदार पहिला : डेल एव्हरेट स्काइल्स, सँडी बेंड. (हस्ताक्षरात : सही करताना हा पूर्ण शुद्धीत होता. मी पाहिले आहे.)

साक्षीदार दुसरी : पर्ल ऑम, मार्लो फेरी

स्थळ : १८, पाइक स्ट्रीट, मार्लो फेरी, ओहायो
दिनांक : ११ ऑक्टोबर १९७८, दुपारी सव्वातीन